हवा पिणारी घरगाडी

आमच्या घरात तेव्हा दोनच आवाज उरलेले. एक चुलीत ओलं लाकूड चुरचुरायचं त्याचा, आणि दुसरा दादाच्या गाडीचा. दादा म्हणजे माझे वडील. आम्हा आगऱ्यांच्या कितीतरी घरांत बापाला दादा म्हणायचे आणि तूच म्हणायचे, त्यामुळे मी इथेही तसंच लिहिणार. 'वडील आले' असं लिहायला घेतलं की कोणी तरी परका माणूस दारात उभा आहे असं वाटतं. आई गेल्यावर बाकीचे आवाज एकेक करून कुठे गेले ते कळलं नाही. पाट्यावर वाटणाचा, बांगड्यांचा, कोंबड्यांना हाका मारण्याचा. कोंबड्या होत्या तिथेच होत्या, पण त्यांना कोणी नावाने बोलवेना, मग त्याही गप्प झाल्यासारख्या. दादा मुळात कमी बोलणारा. आई होती तेव्हा ते जाणवलं नाही, कारण त्याच्या वाटचं तीच बोलून घ्यायची. 'तुझ्या दादाला आज आमटी तिखट झाली बरं का,' असं ती मला सांगायची आणि दादा समोर बसून मान डोलवायचा. ती गेली आणि त्याच्या वाटचं बोलणारं कोणी राहिलं नाही.

आमचं घर कळव्याच्या कडेला, खाडीच्या बाजूला. पुढे रस्ता, मागे मिठागरं. आता तिथे जाऊन कोणाला मिठागर विचारलं तर हसतील लोक. माझी सून म्हणते, आई, तुम्ही कळवा म्हणता तेव्हा मला कळवा स्टेशनच दिसतं. तिचंही बरोबर आहे. मला मात्र अजून ते पांढरे ढीग दिसतात, उन्हात डोळे दिपवणारे, आणि त्यावर झावळ्या घातलेल्या. आमचे आजोबा मिठागरात राबले, दादाही लहानपणी राबला. मग जमिनीचा काही भाग कारखान्यात गेला आणि दादा त्याच कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लागला. मीठ सुटलं, पण मिठाच्या सवयी सुटल्या नाहीत. त्यातली एक सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. कोयता असो, विळी असो, दाराची कडी असो, चार दिवस दुर्लक्ष केलं की तांबड्या पापड्या सुटतात. म्हणून आमच्या घरी दर शनिवारी लोखंडाला करंजेल लावायचं. करंजाच्या बियांचं तेल, कडू उग्र वासाचं. आई नारळाच्या कवटीत ते घ्यायची, चिंधी बुडवायची आणि घरभर फिरायची. विळी, फावडं, खिडकीचे गज, विहिरीच्या रहाटाची कडी, सगळ्यांना पुसून काढायची. शेवटी हात धुऊन, दुसऱ्या वाटीत खोबरेल घेऊन मला पुढ्यात बसवायची. लोखंडाला करंजेल, पोरीला खोबरेल, मग शनिवार संपला.

आता गाडीचं. ती साधी गाडी नव्हती. कारखान्यात मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आलेला, त्याने ती आपल्या देशातून बरोबर आणलेली. दादा त्याचा ड्रायव्हर. स्टिअरिंग आपल्यापेक्षा उलट्या बाजूला, इंजिन मागे, जिथे आपण सामान ठेवू तिथे. आत बाक होता, तो ओढला की पलंग व्हायचा. बोटभर पाण्याचं बेसिन, दोन शेगड्या, खिडक्यांना पडदे. आणि सगळ्यात मोठी नवलाई म्हणजे छप्पर एका बाजूने वर उचलायचं, पेटीचं झाकण उघडावं तसं. इंजिनिअर परत जाताना ती दादाला देऊन गेला. जुनी झालेली, परत न्यायचा खर्च कोण करणार. कागदपत्रांचं काय केलं, कसं केलं, मला ठाऊक नाही. एवढं आठवतं की ती अंगणात आली त्या दिवशी शेजारची हिराकाकी नारळ घेऊन आली आणि चारी बाजूंनी फिरून म्हणाली, "यो तर घर हाय. गारी कठं हाय?" आमच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, गाडीची गारी होते. तेव्हापासून गावात तिचं नाव पडलं घरगारी.

आईचं गाडीशी आधी जमलं नाही. घरात चूल असताना गाडीत शेगडी कनाला, म्हणजे कशाला, म्हणायची. पण दुखणं लागल्यावर तिला घरात कोंडल्यासारखं व्हायला लागलं, आणि मग ती त्या गाडीतच राहायला गेली म्हटलं तरी चालेल. दादा छप्पर उचलून द्यायचा, खाडीचा वारा आत यायचा, आणि ती पलंगावर पडून वरचा निळा तुकडा बघत बसायची. ठाण्याच्या हॉस्पिटलात न्यायचं असलं की उठवाउठव नाही, तिला तशीच पडल्या पडल्या न्यायची. मी पायाशी. दादा गाडी अशी चालवायचा की बेसिनवर ठेवलेला पेला हलू नये. परत येताना आई म्हणायची, "बघ, तुझ्या दादाना मना फिरवून आणलं." हॉस्पिटलातून आलोय असं ती कधी म्हणाली नाही.

ती त्याच पलंगावर गेली, एका दुपारी, छप्पर उघडं असताना. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

मग शनिवार आला. मला वाटलं आता कोणी तेल लावणार नाही. पण दादा उठला, कवटीत करंजेल घेतलं, चिंधी घेतली, आणि विळीला नाही, गजांना नाही, सरळ गाडीकडे गेला. मागचं झाकण उघडलं आणि इंजिनाला तेल लावत बसला. लोखंड, पत्रा, नळ्या, रबर, जे हाताला लागेल ते. आई आजारी असतानाही तो हे करायचा, पण पाच मिनिटं. आता सगळी सकाळ. मी दारात बसून बघत होते. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते आणि त्यांना तेल नव्हतं, ते राठ होऊन एकमेकांत गुंतत चाललेले. दादाच्या ते लक्षात आलं नाही. त्याला दोष देत नाही मी. बापाच्या हाताला ती सवयच नसते. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी दर शनिवारी मी तिथे बसायचे आणि मनात म्हणायचे, आता तिकडचं झालं की इकडे बघेल.

पुढे गाडीला ते दुखणं लागलं. आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. गाडी सुरू करून उभी ठेवली, पाय काढून घेतला, की इंजिनाने हळू व्हायला पाहिजे, धग धग धग, बैल रवंथ करतो तसं. ती हळू होईना. आपोआप आवाज चढायचा, मग उतरायचा, मग पुन्हा चढायचा, जणू कोणी आत बसून पाय दाबतंय. ड्रायव्हर लोक म्हणायचे, रेस चढते. कधी दहा दिवस काही नाही, कधी अंगणात उभी करून दादा किल्ली काढेपर्यंत सगळा पाडा दणाणून टाकायची. हिराकाकी भिंतीवरून ओरडायची, "अरं, तिचा गला आवर, माझं दूध नासंल."

मला मात्र त्या आवाजाची सवय झाली, आणि सवयीपेक्षा जास्त काही तरी झालं. स्वयंपाक माझ्याकडे आलेला. भात कधी गिच्च, कधी खाली लागलेला. तांदळाची भाकरी थापायला घेतली की चंद्रकोर व्हायची. बहुतेक दिवस भात आणि सुका जवळा, कांद्यावर परतलेला. संध्याकाळी मी तांदूळ धुऊन बसायचे आणि कान रस्त्याकडे. नाक्यावर गाडी थांबली की तो चढलेला आवाज यायचा, वरखाली, वरखाली. तो ऐकला की मी आधण ठेवायचे. दादा अंगणात पोचेपर्यंत पाणी उकळायला लागायचं. आई असताना तीही तसंच करायची, म्हणायची, आयला बघ तुझा दादा. आयला म्हणजे आला. आता ते वाक्य म्हणणारं कोणी नव्हतं, तर मीच हळूच म्हणायचे, चुलीला. दिवसभर त्या घरात मी एकटी, शाळा सुटलेली, मैत्रिणी शाळेत. त्या आवाजाची वाट बघणं हेच माझं काम होतं. तो आला की दिवसात काही तरी घडलं असं वाटायचं.

आता माझी गोदीआत्या सांगते. दादाची मोठी बहीण, टिटवाळ्याला दिलेली, स्वतःला मूल नाही, नवरा शेतावर. ती एकदा आली, घरात शिरली, भांडी बघितली, मग माझी वेणी हातात घेतली आणि हातातच धरून ठेवली. दादाला म्हणाली, "भाऊ, पोर वयात आयली. घरान बाईमानूस नाय. हिला मी नेतंय."

दादा चुलीतलं लाकूड आत सारत राहिला.

"आयकलास कं? का तू पन ये, दोघं या. घर मोठं हाय."

"मी इकरंच राहीन," दादा म्हणाला. गाडीकडे बघत म्हणाला.

"मंग पोरीना पाठव. दिवालीच्या आधी पाठव."

"गारी नीट झाली की सोडतंय मी हिला. गारीतनच सोडीन. हिच्या आयशीच्या गारीतन."

आत्याने माझ्याकडे बघितलं. तिला काय वाटलं देव जाणे, पण ती पदराला गाठ मारल्यासारखं करून गेली. ती गेल्यावर हिराकाकी आली, तिने सगळं भिंतीपलीकडून ऐकलेलं. "गारी नीट झाली की," ती दादाची नक्कल करत म्हणाली. "टिटवाल्याची रेल्वे बंद परली कं?" दादा उठून विहिरीकडे गेला. मी मात्र ते वाक्य धरून ठेवलं. गाडी नीट झाली की मी जाणार. म्हणजे गाडी नीट होत नाही तोवर मी इथे. त्या दिवसापासून रस्त्यावरून तो चढलेला आवाज आला की मला दुहेरी बरं वाटायचं. दादा आला, आणि गाडी अजून बिघडलेली आहे.

माणूस गमतीशीर असतो. गाडी नीट होऊ नये असं दादालाही वाटत असणार, आता मला वाटतं. पण तो ती नीट करत मात्र राहिला. हात थांबत नव्हते त्याचे. आधी त्याने स्लोचा स्क्रू फिरवला, इंजिन हळू चालावं म्हणून असतो तो. एक-दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मग ॲक्सिलेटरची वायर काढली, ती कुठे अडकत असेल म्हणून. रॉकेलने धुतली, ग्रीस भरलं, पुन्हा बसवली. स्प्रिंग बदलली. पुन्हा तेच. स्क्रू आणखी आत, अगदी शेवटपर्यंत. मी रोज चुलीपुढे बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, नाही झाली.

मग भाजीवाल्याचा प्रकार झाला. दादा मला घेऊन बाजारात निघालेला. रेल्वे फाटक बंद, पुढे भाजीची हातगाडी. दादाने क्लच दाबून गाडी उभी केली आणि तेवढ्यात इंजिनाने रेस घेतली. क्लचवरून त्याचा पाय जरा सुटला असेल नसेल, गाडीने पुढे उडी मारली. हातगाडी आडवी झाली, वांगी रुळांकडे गडगडली. भाजीवाला वांगी गोळा करता करता म्हणाला, "मामा, घराला चाकं लावली, आता ब्रेक पण लावा." लोक हसले. दादा हसला नाही. खाली उतरून वांगी वेचताना तो सारखा वर बघत होता, मी बसले होते त्या सीटकडे. परत आल्यावर तो पलंगावर, आईच्या जागेवर, कितीतरी वेळ बसून राहिला. मला म्हणाला, "तू पुढं बसलेलीस." एवढंच. त्या दिवसापासून गाडी नीट करणं हा नुसता हाताचा चाळा राहिला नाही.

माजिवड्याला आग्रा रोडवर अंतोन मेस्त्रीचं गॅरेज होतं. वसईकडचा ख्रिस्ती माणूस, जाड, पोटावर सदा ग्रीस, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. दादाला बोलायची गरजच पडायची नाही, म्हणून त्यांची दोस्ती. दादा त्याच्याकडे गाडी घेऊन गेला, पाय ब्रेकवर ठेवत ठेवत, आणि मी बरोबर. अंतोनने कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलच्या तसराळ्यात बुडवून साफ केला, भोकांतून तोंडाने फुंकलं. बसवला. गाडी सुरू केली. क्षणभर सगळं ठीक. मग इंजिन तापलं आणि आवाज चढायला लागला.

"ही हवा पिते," अंतोन म्हणाला. "बघ, पेट्रोल आणि हवा यांचं ठरलेलं माप असतं. हवा जायची ती दारातून. ही कुठे तरी भिंतीला भोक पाडून बसलीय. तिथून फुकटची हवा ओढते. म्हणून स्क्रू कितीही आवळ, तिला काय फरक? दार बंद केलंस तरी ती खिडकीतून पितेच."

"कठून?" दादाने विचारलं.

"ते कळलं तर मी मेस्त्री कशाला, पाद्री झालो असतो. फट बारीक असणार. थंड असताना मिटते, तापली की उघडते. दिसायची नाही." त्याने कान जवळ नेला, पंख्याच्या घरघरीत त्याला काही कळेना. "माझा एक कान तर ट्रकवाल्यांनी खाल्ला. घरी ने, निवांत जागी उभी कर, आणि तरुण कानाचं कोणी असेल त्याला ऐकायला लाव. पातळ आवाज येतो, सापासारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने गाडी अंगणात उलटी लावली, मागचं झाकण उघडलं आणि सुरू केली. तापू दिली. आवाज चढायला लागला. मी चुलीशी होते. दादाने दारातून आत बघितलं आणि म्हणाला, "इकरं ये गं. आयकून बघ, तुना काय आयकू येतंय?"

हे लिहिताना मला थांबावं लागलं. आई गेल्यापासून त्या घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं. जेवलीस का, भात झाला का, तेही नाही; ताट दिसायचं, तो बसायचा. आणि आता तो मला विचारत होता. मी हातातली फुंकणी तशीच घेऊन धावत गेले. फुंकणी म्हणजे चूल फुंकायची लोखंडी नळी, हातभर लांबीची. मी आधी नुसताच कान लावायला गेले, तर दादाने माझी वेणी पकडून मागे ओढली. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात केस गेले असते. "वेनी बांध," म्हणाला. मी वेणी पोलक्यात खोचली. आणि मग मला फुंकणी सुचली. तिचं एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनाकडे धरलं. चुलीला हवा द्यायची तिने, तिच्यातून आता ऐकायचं.

नवल असं की नळीतून बाकीचा गोंधळ मागे राहायचा आणि जिथे टोक न्यावं तिथलंच ऐकू यायचं. पंख्यापाशी घोंघों. कार्बोरेटरपाशी खोल श्वास. मी हळूहळू टोक फिरवत गेले, एका जाड नळीवरून डावीकडे, जिथे ती दुसऱ्या नळीला रबराच्या बाहीने जोडलेली. वरून बाही धडधाकट दिसत होती, करंजेलाने चकचकीत. टोक तिच्या खाली नेलं. आणि तिथे आवाज होता. सूंऽ, सूंऽ, बारीक, ओठ मिटून कोणी श्वास आत ओढावा तसा. इंजिनाचा आवाज चढला की तोही चढायचा.

मी फुंकणी तिथेच धरून राहिले. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. मला कळत होतं की मी आता मान हलवून 'काही नाही' म्हणू शकते. तो माझ्यावर विश्वास ठेवेल, झाकण लावेल, आणि दिवाळी जाईल. आत्या येऊन बडबडेल आणि परत जाईल. संध्याकाळी मी आधण ठेवत राहीन. हे सगळं एका श्वासात डोक्यात येऊन गेलं. पण त्याने विचारलं होतं. आणि तो उत्तराची वाट बघत होता, माझ्या उत्तराची, त्या आधी कधी बघितली नव्हती तशी. आणि वांगी वेचता वेचता माझ्याकडे बघणारा तोही मला दिसत होता.

"इथं," मी म्हणाले. "हिच्या खालनं."

"नक्की?"

"नक्की."

दादाने माझ्या हातातून फुंकणी घेतली नाही, स्वतः ऐकून बघितलं नाही. आत गेला, ओलं फडकं आणलं आणि त्या बाहीभोवती मुठीने आवळलं. इंजिनाचा आवाज धाडकन खाली आला, आणखी खाली आला, इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. स्क्रू आम्ही शेवटपर्यंत आवळून ठेवलेला, आता दारही बंद आणि खिडकीही. अंगणात इतकी शांतता झाली की भिंतीपलीकडून हिराकाकी म्हणाली, "काय झालं? गेली कं?"

दादाने बाही सोडवून उलटी केली. खालच्या अंगाला रबर फुगून मऊ पडलेलं, बोटाने दाबलं की चिखलासारखं, आणि त्यात लांब चीर. करंजेलाचा वास येत होता. अंतोन संध्याकाळी आला, त्याने बाही हातात घेतली, हुंगली आणि कपाळाला हात लावला. "तेल लावलंस? रबराला? अरे बाबा, लोखंडाला तेल म्हणजे औषध, रबराला विष. खातं ते त्याला. किती दिवस लावत होतास?"

दादा वाकून हत्यारं गोळा करायला लागला. मी म्हणाले, "दर शनिवारी." त्या बडबड्या माणसाला मी गप्प बसलेलं तेव्हा एकदाच पाहिलं.

नव्या बाह्या अंतोनने कुठून तरी मिळवल्या, दोन्ही बाजूंच्या. स्क्रू पुन्हा सैल केला, कान लावून, पाव-पाव फेऱ्याने. धग धग धग. बैल रवंथ करायला लागला. दारात उभं राहून ऐकलं तर ऐकू येईल, चुलीपाशी नाही. त्या रात्री जेवताना दादा म्हणाला, "रविवारी जाव टिटवाल्याला." मी म्हटलं, "बरं." त्याने पानातला जवळा माझ्याकडे सरकवला.

रविवारी निघालो. माझी एक पत्र्याची पेटी, त्यात कपडे, आईचं एक लुगडं. मी पलंगावर बसले नाही, पुढे बसले. मुंब्र्यावरून, शिळफाट्यावरून, कल्याणकडे. तेव्हा त्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भाताची शेतं, पिवळी झालेली. आता मी डोंबिवलीत सातव्या मजल्यावर राहते, त्याच रस्त्याचे दिवे माझ्या गॅलरीतून दिसतात, आणि शेतं होती असं सांगितलं तर नातू म्हणतो, आजी, तू नेहमीच असं म्हणतेस. त्याने आता विजेवर चालणारी गाडी घेतलीय. खालून कधी निघून जातो, काही कळत नाही. मी त्याला सांगितलंय, निघताना हॉर्न वाजवत जा. तो वाजवतो, हसत हसत. का ते त्याला मी सांगितलेलं नाही, इथे लिहितेय तेच.

शहाडचा पूल ओलांडताना दादाने एकदाच तोंड उघडलं. "बरी चालते आता," म्हणाला. मी म्हटलं, "हो." बेसिनवरचा पेला हलत नव्हता.

आत्याचं घर रस्त्यापासून जरा आत, पुढे अंगण, बाहेर फाटक. दादाने पेटी आत आणून ठेवली. आत्याने चहा ठेवला तर म्हणाला, नको, गाडी चालूच आहे. खरंच त्याने ती बंद केलेली नव्हती, फाटकाबाहेर उभी होती, इतकी हळू चालत होती की लक्ष दिल्यावाचून कळू नये. तो बाहेर गेला. "जातंय," म्हणाला नाही, नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. राठ केसांवर त्याची बोटं जरा अडकली. मला वाटतं तेव्हा त्याला कळलं. त्याने हात लगेच काढला नाही. मग काढला आणि गेला.

आत्या म्हणाली, "बस इकरं, आधी तुझं डोकं बघू." पायरीवर बसवलं, वेणी सोडली आणि वाटीतलं कोमट खोबरेल टाळूवर ओतलं. तिचे हात मोठे, रुंद, शेतातले. ते माझ्या केसांतून, कानांवरून, मानेवरून जायचे. कानांवर आले की सगळं बंद व्हायचं, उचलले की ऐकू यायचं. धग धग धग, फाटकाबाहेर, बारीक. तो अजून गेला नव्हता. पुन्हा हात कानांवर, पुन्हा काही नाही. पुन्हा उचलले, धग धग. मी मोजत नव्हते, पण बराच वेळ तो तिथे होता, गाडी चालू ठेवून. आत येत नव्हता, जात नव्हता.

मग आत्याने गुंता सोडवायला जोर लावला, कानांवर हात जरा जास्त वेळ राहिले. उचलले तेव्हा बाहेर फक्त कावळे होते.

मी तशीच तेलाच्या केसांनी फाटकाशी धावले. रस्ता रिकामा. आधीसारखी असती तर कल्याणपर्यंत ऐकू आली असती, कुठल्या वळणावर आहे ते मी सांगितलं असतं. पण ती आता नीट झालेली. आत्या मागून आली. "काय आयकतंस गं?"

"काय नाय," मी म्हणाले, आणि संध्याकाळ झाली तेव्हा तिच्या चुलीवर, कोणी सांगितलेलं नसताना, दादाच्या आणि माझ्या, दोघांच्या भाताचं आधण ठेवलं.